टॅब्लेटवरचे चरे

"घ्यायच्या आधी चालवून तर बघ," असं म्हणत काकूंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

सोळा जीबी रॅम, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड, मोठा मॉनिटर, वर चित्रं काढायचा पेन टॅब्लेट. घरबसल्या कार्टून फिल्म करायला आणखी काय लागतं? नवं घ्यायची माझी ऐपत नव्हती. पण काकूंनी आपणहून किंमत निम्म्यावर आणली, तेव्हा मशीनमध्ये काहीतरी खोट असणार, असं धरूनच मी आले होते. खोट सापडेना. मॉनिटरच्या वर त्यांच्या मुलाचा हार घातलेला फोटो होता. मग मी घासाघीस करायचंही सोडून दिलं.

टॅब्लेट मात्र झिजलेला होता. एकच चित्र गिरवून गिरवून त्यावर चरे पडले होते. मी पेन टेकवलं आणि ते आपसूक त्या चऱ्यांतून फिरत गेलं. स्क्रीनवर एक मुलगी उमटली. आखूड केस, गोल चष्मा, डावी भुवई मधेच तुटलेली.

माझा हात माझ्या डाव्या भुवईवरच्या व्रणाकडे गेला.

"रोज हिलाच काढायचा," काकू म्हणाल्या. "कोण रे ही, म्हटलं की म्हणायचा, अजून भेटायचीय. हे विकत मागणाऱ्या बाकीच्यांना मी नाहीच म्हणत होते. व्हॉट्सॅपवर तुझा फोटो दिसला, म्हणून तर भाव उतरवला."

मग त्या आतल्या बंद दाराकडे वळल्या.

"ऊठ रे, आली बघ ती."

आतून कडी निघाली.