गाणं बदलताना

पौर्णिमा आणि नितेशचं लग्न दोन वेगळ्या समाजांतलं. मोठ्या मिनतवारीनं ठरलेलं. वरूडच्या कार्यालयात हळदीच्या दुपारी दोन्हीकडच्यांना नाचायला आपापल्या समाजाचं गाणं हवं होतं.

"फरदीनभाऊ, गानं बदलतानी नाच थांबू देऊ नका," पौर्णिमानं अकोल्याहून आलेल्या डीजेला हळूच विनवलं. "थांबला का भांडन झालंच समजा."

दोन्ही गाण्यांचा बेस एकमेकांवर आदळणारा. दोन्ही एकदम वाजवली असती तर नुसता धडधडाट झाला असता. फरदीननं आधी लय जुळवली. मग नवऱ्याकडच्या गाण्याचा बेस उतरवत नेला आणि नेमक्या ठोक्यावर नवरीकडच्या गाण्याचा चढवला. कुणाला पत्ताही लागला नाही. व्याही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचत राहिले. पौर्णिमाला हसू आवरेना.

तेवढ्यात गाण्यात तिच्या समाजाचं नाव आलं. नितेशचे काका जागीच थबकले. खांद्यावरचा हात झटकून ते तडक आले आणि त्यांनी फरदीनची कॉलर धरली.

"कोनाच्या गान्यावर नाचवून राहिला बे आमाले?"

"काका, दोन्ही गाने दोन्हीकडच्या लोकायनंच सांगतले होते," फरदीन म्हणाला. "बदलतानी कुठं खटकलं काय तुमाले?"

"तेच तं म्हनतो!" काका ओरडले. "खटकलं असतं तं आमी वेळेवर थांबलो असतो ना!"