गेल्या वर्षीचा सूर

टीव्हीवर सरायवाली कंदील घेऊन दारात आली आणि यादविगाच्या हातातला काटा ताटात आपटला. सरायवाली म्हणजे तीच, ऑपेरातली तिची भूमिका. फक्त ती स्वतः या घटकेला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत नव्हती, स्क्रॅन्टनमध्ये आईच्या टेबलाशी बसली होती.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी हा ऑपेरा लागला नाही तर लोकांना सण झाल्यासारखा वाटत नसे. इतकी वर्षं तो थेट व्हायचा. यंदा टीव्ही कंपनीने सरळ गेल्या वर्षीची टेप लावून दिली. बोलावणं सोडाच, कळवायचीही कोणाला गरज वाटली नाही. तिनेच फोन केला तेव्हा समजलं. वर कंपनीचे साहेब म्हणाले, बरं झालं की, सण घरी करा. मेल्यांना लाज कशी ती नाहीच!

आई मात्र हरखून गेली होती. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी नाताळच्या जेवणाला एक ताट जास्तीचं मांडायची त्यांची पोलिश चाल. दरवर्षी ते ताट बघून आई यादविगासाठी डोळे पुसायची. आज लेक घरी होती, पण बीटाच्या सारापलीकडे तिच्या घशाखाली काही उतरत नव्हतं.

तिला घरचा सण नको होता, तिला ती एक ओळ हवी होती. गेल्या वर्षी अंगात ताप असताना ती उभी राहिली, आणि “ये, दार उघडं आहे” या ओळीचा शेवटचा सूर घसरला. अख्ख्या देशासमोर घसरला. मग वर्षभर तिने तो सूर घोटला, शेजारी भिंत बडवायला लागेपर्यंत घोटला. कार्यक्रम थेट झाला असता तर गेल्या वर्षीचं पाप तिथेच मेलं असतं. आता दर नाताळला तोच घसरलेला सूर घरोघरी जाणार होता.

“मजा आहे बुवा तुझी,” मेहुणा चेस्टर माशाचे काटे काढत म्हणाला. “तिकडे गातेसही आणि इकडे हादडतेसही.”

“ती मी नाही, चेस्टर. तो माझा ताप आहे.”

तो हसला. धाकटी बहीण स्टाशा म्हणाली, की एवढं काय त्यात, आम्हाला तर काही चुकलेलं कळलंसुद्धा नाही. हे यादविगाला सगळ्यात जास्त झोंबलं. कंपनीचे परके लोक निदान फोनवर तरी खोटं गोड बोलले होते. घरच्यांना तर चूक नि बरोबर सारखंच!

टीव्हीवर व्हायोलिनं चढू लागली. ओळ जवळ आली. यादविगा खुर्ची मागे ढकलून उभी राहिली, आणि पडद्यावरच्या त्या दुसरीच्या बरोबरीने गाऊ लागली. टेबलावरचे पेले किणकिणले. शेवटचा सूर आला. टीव्हीवरचा घसरला. तिचा लागला, अगदी हवा तिथे लागला, आणि ती तो धरून राहिली.

आईने तिची बाही धरून खाली ओढली. आईचे डोळे भरून आले होते, पण ते टीव्हीकडे लागले होते.

“श्श! बस खाली. यादविगाचं गाणं चाललंय, दिसत नाही?”