अर्धा कोयता

ट्रकच्या फाळक्यावर पाय देऊन बंकट वर चढला आणि गहिनीनाथला त्याने दंडाला धरून ओढून घेतलं.

"मान खाली. कोणी इचारलं तर ऊसतोडीला चाललो म्हनायचं. बाकी तोंड उघडायचं न्हाई."

गहिनीनाथने मान हलवली. उस्तादपुढे मान हलवायची त्याला सवयच लागली होती. बंकट म्हणजे बीड शहरातला नावाजलेला कुलूपतोड्या. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गायब झाला, तेव्हा त्याने ज्वारीच्या पोत्यांसाठी सोसायटीचं गोदाम फोडलं. गहिनीनाथ बाहेर बैलगाडी धरून उभा होता. आतून वॉचमनचा आवाज एकदाच आला. मग उस्ताद पहार पुसत बाहेर आला. तुरुंगात गेल्यापासून त्याचं एकच टुमणं होतं : खून तू केलास असं सांग, तू कोवळा आहेस, जज्जाला दया येईल. प्रेमाने सांगायचा, आपली बिडी मोडून अर्धी द्यायचा. सांगताना हात मात्र गहिनीनाथच्या मानेवर असायचा.

आज तारखेला नेलं तेव्हा कोर्टातले रांजण ठणठणीत कोरडे होते. टँकर आला आणि पहाऱ्यावरचे शिपाईच तांब्या घेऊन धावले. बेडीचं कुलूप बंकटला काय जड होतं? कडब्याच्या गाडीत लपून दोघं चौसाळ्याच्या फाट्यावर आले. तिथे ऊसतोडीला निघालेले ट्रक लागले होते. या गर्दीत मिसळायचं आणि कारखान्यावर उतरून पसार व्हायचं, असा बेत होता.

बेतात एक खोट होती आणि ती उस्तादला ठाऊक नव्हती. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम फडावर नेत नाही. गहिनीनाथ आईबापाबरोबर फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीतच लहानाचा मोठा झालेला. तुरुंगात त्याने हे सांगायला तोंड उघडलंही होतं. "तू गप बे," उस्ताद म्हणाला होता, "डोकं माझं चालू दे." आता रस्त्यापलीकडे पोलिसांची जीप थांबली होती आणि हवालदार एकेक ट्रक बघत इकडेच येत होता.

मुकादम आष्टीकडचा, आवाजाने दांडगा. एकेका जोडीकडे बोट करत तो आत सरकत होता. कोपऱ्यात बोचक्यावर एक बाई बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, शेजारची जागा मोकळी.

"सरूबाई, कुठंय तुझा मालक? कवाची येतो येतो म्हनतीस. न्हाईतर उतर खाली."

"येतोय," ती म्हणाली. पण ती रस्त्याकडे बघत नव्हती. ती गहिनीनाथकडे बघत होती.

उस्तादला न विचारता गहिनीनाथने जन्मात पहिल्यांदा काही केलं. भांडीकुंडी, पोरंबाळं ओलांडत तो गेला आणि तिच्याशेजारी जाऊन बसला.

"हे काय, आलो न्हवं का." त्याचा आवाज चिरकला. तिने नुसतं 'हा कोण' म्हटलं असतं तरी सगळं संपलं असतं.

बाईने त्याला नीट न्याहाळलं. मग बोचकं सरकवलं. "लई उशीर केला," ती म्हणाली. तिच्या गावच्या बायकांनी पदर तोंडाला लावले, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

मुकादम बंकटकडे वळला. "आन तुझी बाई?"

"बाई कशाला पायजे? मी एकटाच तोडतो की."

सगळा ट्रक खो खो हसला. बंकटला कळेना आपलं काय चुकलं. हसू ऐकून हवालदार फाळक्याशी आला, तसा बंकटने उडी टाकली. चार पावलांत त्याला धरलं. जमिनीवर पडल्या पडल्या तो ओरडला, "तो पन हाय, तिथं बाईजवळ बसलाय तो. माझा जोडीदार हाय."

हवालदार वर चढला. "वळखतो का रे याला?"

गहिनीनाथने खाली बघितलं. उस्तादच्या डोळ्यांत तीच प्रेमाची धमकी होती.

"न्हाई," तो म्हणाला.

हवालदाराला ते पटलं नव्हतं. त्याने हात पुढे केला, तेवढ्यात सरूबाई उठून मधे उभी राहिली. "माझा मालक हाय. कुना चोराचं ऐकून माझं कुंकू वडून न्हेता का?"

हवालदार ओशाळून उतरला. ट्रक हलला. चौसाळा मागे पडलं, तेव्हा कुठे गहिनीनाथने मान वर केली. त्याला रडूच कोसळलं. इतकी माया त्याला कोणी लावली नव्हती.

"अक्का, लई उपकार झाले."

"अक्का म्हनू नको, लोक ऐकत्यात." ती हळूच बोलत होती. "तुला कोर्टात बघितलंय मी, पैल्याच तारखेला. गोदामावर तुमी मारला, तो माझा मालक."

गहिनीनाथ उठायला गेला. तिने त्याचं मनगट धरलं होतं, ते सोडलं नाही.

"मंग मला धरून का दिलं न्हाई?"

"तुरुंगात बसून तू माझ्या लेकरांच्या काय कामाचा?" सरूबाईने बोचक्यातून एक कोयता काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "त्याच्या वाट्याचा ऊस आता तू तोडायचा."