नवे शॉकअप

"जीपचे एवढे शॉकअप बदलू द्या बाबा, मग शेतातलं सगळं भात एका खेपेत घरी आणतो," असा शब्द कमलेशने हरिचंद्रांना दिला होता. गॅसचे घ्यावेत की तेलाचे, यावर महिनाभर उल्हासनगरच्या दुकानांत खल करून त्याने लालभडक शॉकअप बसवले आणि जीप वीतभर उंच करून घेतली.

आज सोनिवलीच्या शेतात झोडलेलं भात पोत्यांत भरून पडलं होतं आणि आभाळ पुन्हा भरून आलं होतं. हरिचंद्रांनी कमलेशला फोन लावला.

"शेताच्या वाटेवर चिखल आहे बाबा, नवे शॉकअप खराब होतील. तुम्ही दुसरं काहीतरी बघा ना."

ते शेजाऱ्याच्या बैलगाडीत पोती चढवू लागले, तोच कमलेशचा फोन आला.



"बाबा, येताना बादलीभर चिखल आणा. जीपला लावून डोंगरातून आल्यासारखा फोटो काढायचाय."