पन्नास वर्षांची ममी

डॉक्टर शशी देवस्थळींनी टाय सोडून तिसऱ्यांदा बांधला. लंडनमधल्या ईलिंगच्या थिएटरात दुपारी तीनचा शो होता आणि अख्खं मराठी मंडळ यायचं होतं.

"मी घरीच थांबते," सुप्रभा म्हणाली. "गुडघा दुखतोय. आणि कशाला ते जुनं उकरून काढायचं?"

शशीने ते कानाआड केलं. पन्नास वर्षं तो ज्या सिनेमाच्या गप्पा मारत आला होता, त्याची हरवलेली प्रिंट कुठल्याशा तळघरात सापडली होती. एका लॉर्डला अमर व्हायचं असतं. त्यासाठी तो इजिप्तहून तीन हजार वर्षांची ममी आणतो आणि तिला जिवंत करतो, असा तो भयपट. त्यातली ममी म्हणजे आपला शशी.

पण नखशिखान्त पट्ट्यांत गुंडाळलेल्या माणसाला ओळखणार कोण? मंडळात त्याला 'ममीकाका' म्हणत आणि पाठ वळली की हसत. नात मायरा तर तोंडावरच म्हणे, "आजोबा, यू जस्ट मेड इट अप." आता सीनच कापलेला निघाला तर या वयात चारचौघांत शोभा व्हायची. दोन दिवस त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

शेवटी सुप्रभाही निघाली. गाडीत शशीने मायराला सगळं पुन्हा सांगितलं. सिनेमावाल्या एका पेशंटला उंच माणूस हवा होता. शशी छत्तीस तासांची ड्यूटी संपवून थेट स्टुडिओत गेला. सेटवर सारख्याच दोन शवपेट्या, एक खरी कामाची, एक राखीव; पट्ट्याही दुप्पट. आजी डबा घेऊन आलेली. तीही ताडमाड, लग्नात अंतरपाटावरून दोघांची डोकी दिसत होती. नवी नवरी, त्यामुळे थंडीत हातमोजे चढेनात तरी हिरव्या चुड्यातली एकही बांगडी उतरवायला तयार नव्हती.

"मग तुम्ही कॉफिनमधून उठलात कसे?" मायराने विचारलं.

"तेच तर. काही आठवत नाही बघ. पेटीत डोळे मिटले, ते थेट टाळ्यांनीच उघडले. डायरेक्टर म्हणाला, असं काम जन्मात पाहिलं नाही. अंगात येतं ना, तसं झालं असणार."

सुप्रभा खिडकीबाहेर बघत राहिली.

थिएटर भरलं होतं. लॉर्डच्या खोट्या मिशा आणि हलणाऱ्या पुठ्ठ्याच्या भिंती बघून लोक खदाखदा हसले. मग तळघर आलं, मेणबत्त्या आल्या आणि हसणं थांबलं. शवपेटीचं झाकण करकरत सरकलं.

सीन होता! शशीला इतका आनंद झाला, की त्याने बायकोचा हात घट्ट धरला.

ममी सावकाश उठून बसली. मागे कोणीतरी किंचाळलं. मायराने घाबरून आजोबांची बाही पकडली, आणि पन्नास वर्षांचं चीज झालं असं शशीला वाटलं. ममीने लॉर्डच्या गळ्याकडे हात लांबवला. पट्टी सैल होऊन कोपरापर्यंत घसरली.

मनगटावर हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

शशीने हळूहळू मान वळवली.

"काय करणार," सुप्रभा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "तुम्ही घोरत होतात."