लांब सुई

लशीची तिन्ही इंजेक्शनं घेऊन झाली होती, तरी रक्ततपासणीच्या कागदावरचा आकडा दहाच्या खालीच होता.

"म्हणजे मी नापास?" मास्तरांनी सिस्टरला विचारलं.

मास्तर म्हणजे शिंपी. देह असा की खुर्चीत बसताना आधी खुर्चीचा अंदाज घ्यायचे. इस्पितळाच्या पलीकडच्या खोलीत त्यांची बायको डायलिसिसच्या यंत्राला जोडलेली होती. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. यंत्र घरीच बसवायचं ठरलं होतं आणि ते चालवायला मास्तर शिकलेही होते. पण रक्ताशी वरचेवर संबंध येणार, म्हणून काविळीच्या लशीचा परिणाम त्यांच्या रक्तात दिसल्याशिवाय परवानगी मिळत नव्हती. यंत्राला जागा व्हावी म्हणून घरातला पलंग बायकोनं केव्हाच खिडकीपाशी सरकवून घेतला होता.

"खाल्लेलं सगळं अंगी लागतं हो सिस्टर," मास्तर हसायला गेले, "लस तेवढी लागत नाही." हसू अर्ध्यावरच राहिलं. "तिला काय तोंड दाखवू? माझ्या खाण्यापायी ती इथं अडकली."

सिस्टरनं त्यांचा दंड चाचपून पाहिला.

"वजन जास्त असलं की शरीर लशीला कमी दाद देतं. त्यात सुई आखूड असली तर लस चरबीतच राहते, स्नायूपर्यंत पोचत नाही. यात तुमचा गुन्हा काय? आज लांब सुईनं देते. महिन्यानं पुन्हा रक्त तपासू."

"जाड कापडाला बारीक सुई चालत नाही," मास्तर पुटपुटले. "हे मला कळायला हवं होतं."

सुई खोल गेली. मास्तरांनी दात आवळले.

तासाभरानं बायको बाहेर आली, भिंतीला धरून. त्यांच्या चेहऱ्यावरूनच तिला उमजलं.

"अजून एक महिना," मास्तर खाली बघत म्हणाले. "आज परत टोचलीय."

शेजारी बसत तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. मास्तर कळवळले.

"दुखतंय?"

"ठणकतंय नुसतं."

"मागच्या तिन्ही वेळी दुखलं होतं?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. "नाही गं. कळलंसुद्धा नव्हतं."

तिनं हात काढला नाही.

"मग दुखू दे," ती म्हणाली.