कात्रीचा रकाना

महेबूबचाचांचं बोलणं पुरतं ऐकून न घेताच वेदिकाने खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली.

"बसा चाचा. कळलं मला. आत्ता दुरुस्त करते."

चाचा पिशवी मांडीवर घेऊन बसले. वणीहून सकाळच्या एसटीने निघून गंगापूर रोडवरचं हे ऑफिस सापडेपर्यंत त्यांना दुपार झाली होती. "मॅडम, माझं पुरं तर होऊ द्या," ते म्हणाले. पण वेदिकाचं लक्ष नव्हतं. लाज वाटली की हाताला काहीतरी चाळा लागतो, तसं तिचं झालं होतं.

हे ऑफिस जिल्ह्यातल्या छोट्या कारखान्यांची एक खुली यादी सांभाळत असे. खुली म्हणजे कोणीही उचलावी आणि आपल्या यादीला जोडून घ्यावी. इथे एकदा लिहिलं की दहा ठिकाणी दिसतं, असं साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगत. चुकीचं लिहिलं तर तेही दहा ठिकाणी दिसतं, हे मात्र कोणी सांगत नसे.

दोन वर्षांपूर्वी वेदिकाच वणीला गेली होती. चाचांनी चहा पाजला आणि आपल्या हातची द्राक्षाची कात्री दाखवली. घडातले जादा मणी या कात्रीने काढतात, मग उरलेले चांगले फुगतात. "टोक बघा मॅडम. गोल घासून देतो. काढायचा तो मणी निघावा, शेजारच्याला ओरखडा नाय पडला पायजे." तिने मान डोलावली, फोटो काढला. ऑफिसात येऊन बघते तर शेती अवजारांच्या रकान्यात कोयता होता, विळा होता, कात्री नव्हतीच. कात्री लिहिलं की कॉम्प्युटर एकच रकाना पुढे करी: ब्यूटी पार्लरचं साहित्य. वस्तू ज्या रकान्यात, कारखानाही त्याच रकान्यात, असा नियम. बदल हवा तर अर्ज करायचा आणि आठ दिवस थांबायचं. त्या दिवशी अजून चाळीस नावं भरायची होती. नंतर बदलू, म्हणून तिने पार्लर निवडलं आणि पुढचं नाव घेतलं. नंतर ती ते साफ विसरून गेली.

"बागायतदार आता कात्रीसाठी आपल्या दारात येत नाय," चाचा सांगत होते. "त्यांनी मिळून काढलेली कंपनीच औषधासंगं कात्री वाटती. अन कंपनी यादीत बघती. शेती अवजारात आपलं नावच नाय. मी कंपनीच्या सायबाच्या हातात कात्री दिली. सायब म्हनला, माल लय भारी हाय, पन तुम्ही तर पार्लरवाले. दोन सीझन तसेच गेले. कॉम्प्युटर चुकला, दुसरं काय."

"कॉम्प्युटर नाही चुकला, चाचा." वेदिका स्क्रीनकडे बघतच बोलली. "तो रकाना मी निवडला होता. चूक माझी आहे."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हंजे तुम्ही व्हय," म्हणाले आणि पिशवीचे बंद चाचपत राहिले.

शेती अवजारांत आता कात्री आली होती. मधल्या काळात कोणीतरी अर्ज केला असावा. वेदिकाने चाचांचं नाव उचलून तिथे नेऊन ठेवलं. दीड मिनिट लागलं. दीड मिनिटाचं काम आपण दोन वर्षं ठेवून दिलं, हे तिच्या फार जिव्हारी लागलं.

"झालं. हे बघा, शेती अवजारे. बाकीच्यांनी जुनी यादी उचललीय, तिथे आपोआप बदलणार नाही, पण मी पत्रं लिहीन. एकेकाच्या मागे लागेन."

चाचांनी चष्मा लावला, वाकून वाचलं. बराच वेळ वाचलं.

"मॅडम, हे काढा."

"म्हणजे?"

"पैलं होतं तेच ऱ्हाऊ द्या. तेच तर सांगायला आलतो. तुम्ही ऐकूनच घेतलं नाय." त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली केस कापायची कात्री काढून टेबलावर ठेवली. बोटं घालायला दोन कड्या, पात्यांना आरशासारखं पॉलिश. "दोन वर्षं फोन यायचा तो पार्लरचाच. सुरत, नागपूर, कुठून कुठून. राँग नंबर म्हनून ठेवून द्यायचो. मग आमचा इमरान म्हनला, अब्बा, यादीत लिव्हलंय तेच बनवू. जुने साचे भंगारात दिले. हितं एक व्यापारी माल घ्यायला तयार हाय. पन यादीत पार्लरखाली नाव हाय, असा छापील कागद पायजे त्याला. आजच."

"पण द्राक्षाची कात्री, चाचा?"

"ती आता बनत नाय."

वेदिकाने नाव पुन्हा उचललं आणि जिथून आणलं होतं तिथे परत ठेवलं. या वेळी नोंद अगदी बरोबर होती. कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. प्रिंटरने कागद बाहेर टाकला. चाचांनी तो दुमडून खिशात ठेवला आणि उठले.

"ही ऱ्हाऊ द्या तुमाला, बेटा," टेबलावरच्या कात्रीकडे बघून ते म्हणाले. "घरात कामाला येईल."

ते जिना उतरून गेल्यावर वेदिकाने कात्री हातात घेतली. पाती उघडली आणि टोकावर बोट टेकवलं. टोक गोल घासलेलं होतं.